ऐकून ओळखा : कोणती तार, कोणते बोट?

गिटारला तारा सहा. वाजवणाऱ्याला हात दोन, आणि त्यांतला डावा तारा दाबण्यात गुंतलेला. म्हणजे तारा छेडायला उरतो तो एकटा उजवा हात. असे असूनही कीथ रिचर्ड्स या इंग्लिश गिटारवादकाने तरुणपणी रॉबर्ट जॉन्सन या अमेरिकन गायकाची तबकडी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा त्याने मित्राला विचारले, “जॉन्सनबरोबर वाजवणारा तो दुसरा कोण?” दुसरा कोणी नव्हताच. १९३६ आणि १९३७ साली मुद्रित झालेल्या त्या गाण्यांत जॉन्सन एकटाच वाजवत होता, आणि वर गातही होता.

आपल्याकडे गाण्याच्या साथीला गिटार वाजते ती बहुधा पिक नावाच्या छोट्या चकतीने, सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवून. पण दुसरीही एक पद्धत आहे. तिच्यात अंगठा जाड तारांवर संथ, ठेक्यात खालचे स्वर वाजवत राहतो आणि बाकीची बोटे बारीक तारांवर चाल वाजवतात. हिला फिंगरस्टाइल म्हणतात. या पद्धतीच्या कित्येक रचना वादकांनी कागदावर कधी लिहिल्याच नाहीत. ज्यांना त्या शिकायच्या होत्या त्यांनी तबकडी पुन्हापुन्हा लावून त्या कानाने उचलल्या. आजही अनेक जण तसेच करतात.

यात अडचण कोणती, ते नीट समजून घ्या. ध्वनिमुद्रणात स्वर असतात, पण बोटे नसतात. कोणता स्वर वाजला हे कळले तरी तो कोठे वाजला हे कळत नाही. हार्मोनियमवर असा प्रश्न येत नाही, कारण तेथे एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारचे मात्र तसे नाही. नेहमीप्रमाणे सूर लावलेला असला तर सर्वांत जाड सहावी तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते. पाचवी ११०, चौथी १४६.८, तिसरी १९६, दुसरी २४६.९ आणि सर्वांत बारीक पहिली तार ३२९.६ वेळा. सेकंदाला होणाऱ्या या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. दर पुढच्या पडद्यावर तार दाबली की कंप्रता आधीच्या १.०५९५ पट होते. बारा पडदे पुढे गेलात की ती बरोबर दुप्पट होते, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो.

आता पहिल्या खुल्या तारेचा ३२९.६ हर्ट्झचा स्वर घ्या. तोच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर मिळतो, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या पडद्यावरही मिळतो. स्वर एक, जागा पाच! मग खरी जागा शोधायची कशी?

पहिला पुरावा आवाजाच्या जातीचा. कोणतीही तार केवळ एकाच कंप्रतेने कंप पावत नाही. मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर तिच्यात मिसळलेले असतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो यामुळेच. आता ३२९.६ हर्ट्झचा स्वर पहिल्या तारेवर वाजवला तर सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीची बारीक तार मोकळी कंप पावते. तोच चौथ्या तारेवर वाजवला तर कंप पावते ती जाड तारेची जेमतेम २९ सेंटिमीटरची लांबी. तिचे वरचे उपस्वर लवकर विरतात आणि आवाज गोल, जाडसर वाटतो. तारेला डाव्या हाताचा हलका कंप दिलेला ऐकू आला तर ती तार नक्कीच दाबलेली आहे, कारण खुल्या तारेवर बोटच नसते.

दुसरा पुरावा मला अधिक आवडतो, कारण तो निव्वळ तर्काचा आहे. एका तारेवर एका वेळी एकच स्वर वाजू शकतो. दोन स्वर एकाच वेळी घुमत असतील तर ते दोन वेगळ्या तारांवरचेच असणार. शिवाय डाव्या हाताची बोटे एका वेळी साधारण चार-पाच पडद्यांवरच पसरतात. एवढ्या दोन नियमांनी पाच जागांपैकी तीन-चार बाद होतात.

पण स्वर भराभर वाजत असतील तर हा विचार करायला सवड कोठे? म्हणून आवाज संथ करण्याची युक्ती निघाली. जुन्या रेकॉर्ड-प्लेअरांपैकी अनेकांवर १६, ३३, ४५ आणि ७८ असे चार वेग असत. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ फेऱ्यांवर लावली की वेग निम्मा होई. टेपरेकॉर्डरवर साडेसात इंचांची टेप पावणेचार इंचांवर लावली तरी तेच. कंप्रताही निम्मी होई, पण निम्मी कंप्रता म्हणजे खालच्या सप्तकातला तोच स्वर! त्यामुळे स्वर ओळखण्यात अडचण येत नसे. अडचण येई ती अंगठ्याच्या स्वरांत, कारण ८२ हर्ट्झचा स्वर ४१ हर्ट्झवर उतरला की साध्या ध्वनिवर्धकातून नुसती घरघर ऐकू येई.

आज मोबाइलवरील साधने स्वर न उतरवता चाल संथ करतात. अशी एक पद्धत बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली मांडली. आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकात कोणत्या कंप्रता आहेत हे शोधायचे आणि ते तुकडे वेळेत ताणून पुन्हा जोडायचे, असे तिचे ढोबळ स्वरूप. पण निसर्गाने येथेही एक मर्यादा घालून ठेवली आहे. ८२.४ आणि ८७.३ हर्ट्झ या शेजारच्या दोन स्वरांत फरक ४.९ हर्ट्झचा. ते वेगळे ओळखायचे तर निदान एक पंचमांश सेकंदाचा तुकडा हवा. तुकडे याहून लहान केले तर खालचे स्वर एकमेकांत मिसळतात, आणि मोठे केले तर तार छेडल्याचा नेमका क्षण पसरट होतो. म्हणून फार संथ केलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. माझ्या मते निम्म्या वेगाच्या खाली जाऊच नये.

उपस्वर मदत करतात तसे फसवतातही. पाचव्या खुल्या तारेचा तिसरा उपस्वर ३३० हर्ट्झचा, आणि पहिली खुली तार ३२९.६ हर्ट्झची! ऐकू आलेला बारीक स्वर मुद्दाम छेडलेला की पाचव्या तारेने आपल्याबरोबर आणलेला? त्यातच छेडलेल्या तारेमुळे न छेडलेली तारही बोलू लागते. सतारीच्या तरफा अशाच वाजतात. गिटार मिळाली तर करून पाहा. सहावी तार जोराने छेडा आणि लगेच तळहाताने थांबवा. पहिली तार बारीक आवाजात गुणगुणताना ऐकू येईल, कारण ८२.४ ची चौपट ३२९.६ होते. अशा वेळी सुरुवात ऐकावी. बोटाने छेडलेल्या स्वराला ‘टण्’ अशी स्वतःची सुरुवात असते; उसन्या स्वराला ती नसते.

इतके पुरावे जमवूनही एक प्रश्न उरतोच. तार कळली, पडदा कळला, पण ती छेडली कोणत्या बोटाने? १९३९ च्या सुमारास अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात राहणाऱ्या चेट ॲटकिन्स या मुलाने सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्रावर मर्ल ट्रॅव्हिसचे वादन ऐकले. शेकडो किलोमीटरांवरून येणारा रेडिओचा आवाज, चित्र नाही. खालचा ठेका आणि वरची चाल एकाच वेळी चाललेली ऐकून चेटने ठरवले, की हा माणूस अंगठा आणि दोन-तीन बोटे वापरत असला पाहिजे. मग त्याने तसा सराव सुरू केला. प्रत्यक्षात ट्रॅव्हिस वाजवत होता ते मुख्यतः अंगठा आणि तर्जनी या दोहोंनीच!

चेटच्या कानाला दोष देता येणार नाही. ट्रॅव्हिस अंगठ्याला सतारीच्या नखीसारखी नखी लावत असे, त्यामुळे अंगठ्याचा आवाज वेगळा कळतो. पण तर्जनीने छेडले की मधल्या बोटाने, याने तारेची कंप्रता बदलत नाही, वेळही बदलत नाही. जो फरक आवाजात जवळजवळ नसतोच, तो रेडिओवर कानाला कसा सापडणार? त्या चुकीच्या अनुमानातून चेटची स्वतःची शैली तयार झाली आणि पुढे जगभरचे वादक तिची नक्कल करू लागले. १९७४ साली ॲटकिन्स आणि ट्रॅव्हिस या दोघांची एकत्र तबकडीही निघाली. ऑस्ट्रेलियाचा टॉमी इमॅन्युएल लहानपणी चेटच्या तबकड्या ऐकूनच शिकला. त्याला स्वरलेखन वाचता येत नाही.

तुम्हाला हा उद्योग करायचा असेल तर आधी आपली गिटार ध्वनिमुद्रणाशी जुळवून घ्या. जुन्या यंत्रांचे वेग नेमके नसत, त्यामुळे सगळी रचनाच थोडी चढी किंवा उतरी असू शकते. मग चार-पाच सेकंदांचाच तुकडा घ्या. प्रथम अंगठ्याचे स्वर तोंडाने गुणगुणा आणि मगच तारेवर शोधा. जो स्वर गुणगुणता येत नाही तो तारेवर सहसा सापडत नाही.

जाता जाता एक कोडे. गिटार एकच आहे आणि ९२.५ व ९८ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र घुमताना ऐकू येत आहेत. नेहमीच्या लावणीत पाचवी तार ११० च्या खाली जात नाही, म्हणजे हे दोन्ही स्वर सहाव्या तारेवरचेच. आणि एका तारेवर दोन स्वर तर वाजत नाहीत. तेव्हा वादकाने पाचवी तार सैल करून ९८ किंवा त्याहून खाली उतरवली असली पाहिजे. खात्री करायची असेल तर आवाज लक्ष देऊन ऐका. दोन्ही तारा खरोखर एकाच वेळी कंप पावत असतील तर त्यांच्या कंप्रतांतील ५.५ हर्ट्झच्या फरकामुळे तो सेकंदाला पाच-सहा वेळा लहानमोठा होताना जाणवेल.