रक्तातल्या चिठ्ठ्या – लेखांक ९ : गुलाबी प्लाझ्मा

मिर-१३२ या मायक्रोआरएनएची गोष्ट आज सांगायची कबूल केली होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण चोपड्याहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलंय. ‘मायक्रोआरएनए रक्तातच फिरतात म्हणता, तर आमच्या सौ.चं रक्त इथल्याच लॅबमध्ये काढून मुंबईला पाठवलं, तर अल्झायमर आहे की नाही ते कळेल का?’

सर, यंत्राचं नंतर बघू. आधी सुई आणि नळी.

रक्तातली एन्झाइम्स उघड्या आरएनएचा बघता बघता फडशा पाडतात. पण आर्गोनॉट प्रथिनाला चिकटलेले किंवा एक्सोसोमच्या सूक्ष्म पिशव्यांत दडलेले, जेमतेम २२ अक्षरांचे हे मायक्रोआरएनएचे तुकडे तग धरतात. घोळ होतो तो उपऱ्यांमुळे. तांबड्या पेशींत मिर-४५१ए आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. वय झालेल्या माणसाची शीर सापडत नाही, सुई बारीक, त्यात लॅबवाल्याने दट्ट्या जोरात ओढला किंवा नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करायच्या ऐवजी खळखळून हलवली, की पेशी फुटतात. तशीच नळी जळगावच्या मे महिन्यात, ४४ डिग्रीत, दुपारच्या गाडीने निघाली तर बघायलाच नको. पिवळसर दिसायला हवा तो प्लाझ्मा गुलाबी होतो.

मौज पुढेच आहे. सुरुवातीच्या कित्येक अभ्यासांत मोजमापाचा आधार म्हणून हाच मिर-१६ धरला होता. पेशी फुटून तो वाढला, की बाकीचे सगळे आपोआप ‘कमी’ दिसू लागतात. आजार नसताना आजाराची खूण उमटते. आता दक्ष लॅब मिर-२३ए आणि मिर-४५१ए यांचे पीसीआर आकडे शेजारी मांडतात. फरक ७-८च्या पुढे गेला, तर त्या नमुन्यावर भरवसा ठेवत नाहीत. नळीही बघावी लागते : जांभळ्या टोपणाची ईडीटीएची चालते, हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपरिन पीसीआरच अडवतं.

जर्मनीतल्या सारलँडच्या गटाने २०१३ साली अल्झायमर ओळखण्यासाठी १२ मायक्रोआरएनएंची यादी दिली आणि ९३ टक्के अचूकता नोंदवली. ती यादी अख्ख्या रक्तातून, पेशींसकट काढलेली. दुसरा गट प्लाझ्मा घेतो, तिसरा सीरम. सीरमसाठी रक्त गोठू देतात, तेव्हा प्लेटलेट्स आपलेही मायक्रोआरएनए त्यात सोडतात. याद्या जुळत नाहीत, यात नवल नाही.

तेव्हा सर, मायक्रोआरएनएच्या चाचणीवर आज एक रुपयाही घालू नका. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठी मंजूर झालेली रक्तचाचणीसुद्धा प्रथिनांची आहे. वहिनींचं बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेने आलेला विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो. मग रिपोर्ट घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि रक्त देताना लॅबवाल्याला घाई करू देऊ नका.