रिकाम्या खुर्च्यांचा सवाल

२० ऑक्टोबर २०२३, शुक्रवारचा दिवस. इस्रायलमधील तेल अवीव शहरात कला संग्रहालयासमोरच्या चौकात लांबच लांब जेवणाचे टेबल मांडले गेले. ताटे, पेले आणि दोनशेहून अधिक खुर्च्या. तान्ह्या मुलांसाठी उंच खुर्च्याही होत्या. शुक्रवारी सायंकाळी ज्यू कुटुंबे शब्बाथच्या जेवणाला एकत्र बसतात. या टेबलावर मात्र कोणीच बसले नाही. जेवणारी माणसे गाझात ओलीस होती.

७ ऑक्टोबरला हमास व इतर सशस्त्र गटांच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना पळवून नेण्यात आले. सरकार सूड आणि विजयाची भाषा बोलू लागले, तेव्हा नातेवाइकांनी आपल्याच सत्तेला विचारले, आधी युद्ध की आधी माणूस? ओलिसांच्या फोटोंची पोस्टर्स जगभरच्या भिंतींवर लागली. काहींनी ती फाडलीही. नोव्हेंबरात काही ओलीस सुटून आले. त्यानंतर त्याच टेबलाच्या अर्ध्या भागावर सुकी भाकरी आणि घाणेरडे पाणी ठेवले गेले. भाषणाने जे होत नाही, ते एका टेबलाने केले.

पळवून नेलेल्यांत तिसाहून अधिक थाई शेतमजूर होते, एक नेपाळी विद्यार्थीही होता. पोटासाठी परदेशी राबायला गेलेल्या मजुराचा फोटो एरवी भिंतीवर कोण लावतो? या चौकात त्यांनाही जागा मिळाली, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

पण सवाल इथेच संपत नाही. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे ६७ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांच्या खुर्च्या कोणी मांडायच्या? मार्च २०२५ मध्ये पुन्हा बॉम्बवर्षाव सुरू झाला, तेव्हा तेल अवीवमध्येच काही इस्रायली नागरिक गाझातील मृत बालकांचे फोटो हाती धरून मुकाट्याने उभे राहिले. आपल्याच लोकांचा रोष पत्करून शत्रूच्या लेकराचे दुःख जगासमोर धरणे, याचेच नाव करुणा! बुद्धाची मैत्री सरहद्द विचारत नाही.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी शेवटचे २० जिवंत ओलीस सुटले ते वाटाघाटीने, कलाकृतीने नव्हे. मात्र दोन वर्षे त्यांना विसरू दिले नाही, ते या चौकाने.

१९२० साली बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने भर चौकात बोलण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. प्रश्न एवढाच आहे की, रिकामी खुर्ची दिसली की आपण आधी काय विचारतो? ती कोणाच्या धर्माची, की कोणत्या माणसाची?