परसातील बदके : आधी पाण्याचा जमाखर्च मांडा

दुकान किंवा कारागिरी सांभाळून घरच्या अंगणात पाच-सहा बदके पाळावीत, अंडी घरी खावीत व उरलेली विकावीत, असा विचार अनेक कुटुंबांत होतो. घरच्या मंडळींना जमण्यासारखा हा जोडधंदा आहे. मात्र अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात पहिला प्रश्न पाण्याचा येतो. उत्तरेकडे श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव भागाला कालव्यांचा आधार आहे. पण पाथर्डी, जामखेड, पारनेरकडील अनेक गावांना पाऊस कमी पडला की टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी तळ्याशिवाय बदके जगतील काय?

तळे नको, खोली हवी

जगतात. अंड्यांसाठी पाळलेल्या बदकांना पोहण्याचे तळे आवश्यक नाही. मात्र पाण्यात डोके बुडवता आले पाहिजे. चोच, नाकपुड्या व डोळे बदक पाण्यातच धुते. कोंबडीच्या उथळ भांड्यावर ठेवल्यास नाकपुड्यांत खाद्य अडकते, डोळे चिकटतात व दुखणी सुरू होतात. म्हणून भांडे किमान पाच इंच खोल असावे. कापलेला प्लास्टिकचा पिंप किंवा सिमेंटची कुंडी चालते. पिंपात पूर्वी रसायन भरलेले नसावे. वर मोठ्या भोकांची जाळी बसवावी, म्हणजे बदकाचे डोके आत जाते, पण पाय जात नाहीत व पाणी लवकर घाण होत नाही.

सहा बदकांचा हिशेब

मोठे बदक दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी पिते, कडक उन्हात त्याहून अधिक. सहा बदकांचे पिण्याचे चार-पाच लिटर धरले, तरी खरा खर्च भांडे धुऊन पुन्हा भरण्याचा आहे. बारा लिटरचे भांडे सकाळ-संध्याकाळ भरले की चोवीस लिटर झाले. पिण्याचे पाणी त्यातच आले. धुण्याचे धरून दिवसाला तीस लिटर, म्हणजे दोन हंडे. महिन्याचे नऊशे लिटर. सहा बदकांनी रोज सरासरी चार अंडी दिली, तर एका अंड्यामागे साडेसात लिटर पाणी पडते. पाणी विकत घेणाऱ्याने हा खर्च अंड्याच्या भावात धरलाच पाहिजे. सहा कोंबड्यांचे काम दोन-तीन लिटरांत भागते, हेही लक्षात घ्यावे.

पाण्यात काटकसर करून चालत नाही. अंड्याचा सुमारे सत्तर टक्के भाग पाणीच असतो. पाणी तुटले की अंडी घटतात. खाकी कॅम्पबेल जातीचे बदक उत्तम व्यवस्थेत वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते असे सांगितले जाते. पाण्याची हेळसांड असेल तेथे ही अपेक्षा धरू नये.

खाद्य व पाणी जवळजवळ ठेवावे. कोरडा भरडा घशात अडकून बदक गुदमरू शकते. रात्री पाणी उचलायचे असेल, तर खाद्यही उचलावे. भिजवलेला भरडा त्याच दिवशी संपवावा. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड तर बदकांना विषच आहे.

पिलांची खबरदारी

पिलांसाठी नियम उलटा आहे. पहिले तीन-चार आठवडे पाणी उथळ असावे, फक्त चोच बुडेल इतके. कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवलेल्या पिलांच्या पिसांना पुरेसे तेल नसते. ती भिजली की गारठून मरतात. मातीच्या परळात गोटे टाकून पाणी द्यावे. खारट बोअरचे पाणी पिलांना देऊ नये.

कारागिरांनी हे पाहावे

आपल्या घरांत पुष्कळदा अंगणातच काम चालते. बदक चिखल चाळून खाते. त्यात तारेचे तुकडे, खिळे, शिसे किंवा जस्ताचा चुरा असेल, तर तो पोटात जाऊन विषबाधा होते. वेल्डिंग, बॅटरी, कल्हई किंवा रंगाचे काम असेल तेथे बदकांची जागा वेगळी असावी. साबणाचे पाणीही देऊ नये. त्याने पिसांचे तेल निघून जाते.

गटार व साचलेल्या डबक्यापासून बदके दूर ठेवावीत. उन्हाळ्यात कुजलेल्या पाण्यातून त्यांना असा विषार होतो की मान लुळी पडते व पाय चालत नाहीत. असे दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

सांडपाण्याचा उपयोग

भांड्याखाली हातभर खड्डा घेऊन विटांचे तुकडे व खडी भरावी, म्हणजे चिखल होत नाही. घाण पाणी लिंबू किंवा शेवग्याच्या बुंध्याशी सोडावे. बदकांची विष्ठा मिसळलेले हे पाणी खताचेही काम करते. पाणी कोठेही साचू देऊ नये, अन्यथा डास होतात.

खरेदीपूर्वीची परीक्षा

नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने पावसाचे पाणी मोजून ताळेबंद मांडण्याची व त्यानुसार पिके ठरवण्याची रीत पाडली. परसातील धंद्यालाही हीच रीत लावावी. पक्षी आणण्यापूर्वी, ऐन मे महिन्यात, पंधरा दिवस रोज दोन हंडे पाणी घरखर्चातून बाजूला काढून पाहावे. ते झाडांना घालावे. घरातील बायकांची ओढाताण न होता हे जमले, तर जूनमध्ये पिले आणावीत. त्याआधी अंडी घेणारे गिऱ्हाईक आपल्या भागात आहे काय, याचीही विचारपूस करावी. पाणी जमले नाही, तर कोंबड्या पाळाव्यात. त्यात कमीपणा नाही.