स्वाक्षरी हवी? आधी प्रश्न पाठवा

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) केंब्रिजहून परतून १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव जगभर झाले होते. तरीही मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने धाडली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी आणि हस्ताक्षर पत्नी मंगलाताईंचे. नावाच्या वजनाशिवाय कथा जोखली जावी, हा आग्रह. पहिले बक्षीस तिलाच मिळाले.

व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गराडा घालत. ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येई, खाली स्वाक्षरी असे. विज्ञानप्रसाराचा याहून स्वस्त आणि खरा मार्ग आमच्या पाहण्यात नाही.

१९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संशोधन संस्था उभी राहिली. तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून ‘मुक्तांगण’ विज्ञान शोधिकाही झाली. १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार नारळीकरांना मिळाला.

नारळीकरांचा हाच मार्ग धरून आपल्या देवळाली प्रवरा आणि राहुरी परिसरातल्या शिक्षकांनी यंदा २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, भाषणांऐवजी मुलांचे प्रश्नच लिहून घ्यावेत.