फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज

फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज (संक्षेपाने एफडीजी) हे पॉझिट्रॉन उत्सर्जन प्रतिमांकनात, म्हणजेच पेट स्कॅनमध्ये वापरले जाणारे किरणोत्सारी औषध आहे. ग्लुकोजच्या रेणूतील दुसऱ्या कार्बन अणूवरील हायड्रॉक्सिल गटाच्या जागी फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी समस्थानिक बसवून ते तयार होते. कर्करोगाचे निदान, उपचारांच्या परिणामाची तपासणी आणि मेंदू व हृदयाच्या चयापचयाचा अभ्यास यांसाठी त्याचा उपयोग होतो. फ्लोरीन-१८चा अर्धायुष्यकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने या औषधाचा साठा करता येत नाही. उत्पादन, चाचणी, वाहतूक व वापर ही सर्व कामे काही तासांत उरकावी लागतात.

कार्यपद्धती

पेशी एफडीजी ग्लुकोजप्रमाणेच आत घेतात व हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट गट जोडते. मात्र दुसऱ्या स्थानी हायड्रॉक्सिल गट नसल्याने पुढील विघटन होत नाही आणि रेणू पेशीतच अडकतो. त्यामुळे अनेक प्रकारच्या कर्कपेशींसारख्या अधिक ग्लुकोज वापरणाऱ्या पेशी प्रतिमेत ठळक दिसतात.

इतिहास

किरणोत्सारी नसलेल्या संयुगाचे संश्लेषण १९६० च्या दशकात प्राग येथे झाले. फ्लोरीन-१८ युक्त एफडीजी अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार करण्यात आले आणि ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते प्रथमच मानवी स्वयंसेवकांना देण्यात आले. १९८६ मध्ये जर्मनीतील युलिश येथे कर्ट हामाखर व सहकाऱ्यांनी अधिक उत्पादन देणारी संश्लेषण पद्धत प्रसिद्ध केली. आजचे बहुतांश उत्पादन याच पद्धतीवर आधारित आहे.

उत्पादन

सायक्लोट्रॉनमध्ये ऑक्सिजन-१८ने समृद्ध केलेल्या पाण्यावर वेगवान प्रोटॉनांचा मारा केला जातो. ऑक्सिजनचे केंद्रक प्रोटॉन सामावून घेऊन न्यूट्रॉन बाहेर टाकते व फ्लोरीन-१८ निर्माण होतो. फ्लोराइड आयन विनिमय राळेवर धरून ठेवून महागडे समृद्ध पाणी वेगळे केले जाते. पुढील क्रिया शिशाच्या आवरणातील कक्षात स्वयंचलित यंत्रावर होतात. पोटॅशियम कार्बोनेट व क्रिप्टोफिक्स यांच्या साहाय्याने फ्लोराइड क्रियाशील केला जातो, त्याची मॅनोज ट्रायफ्लेटशी अभिक्रिया घडवली जाते आणि जलापघटनाने संरक्षक गट काढले जातात. शुद्धीकरणानंतर द्रावण ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून निर्जंतुक कुपीत भरले जाते.

गुणवत्ता चाचणी

प्रत्येक घाण्यातील नमुना रुग्णाला देण्यापूर्वी तपासला जातो. अमेरिकी औषधकोशानुसार प्रमुख निकष पुढीलप्रमाणे आहेत:

* स्वरूप : द्रावण स्वच्छ व कणविरहित असावे.
* सामू : ४.५ ते ७.५.
* समस्थानिकाची ओळख : मोजलेला अर्धायुष्यकाल १०५ ते ११५ मिनिटे.
* किरणरासायनिक शुद्धता : किमान ९० टक्के. मुक्त फ्लोराइड हाडांत साचून प्रतिमा दिशाभूल करणारी ठरू शकते. त्याचे प्रमाण पातळ थर वर्णलेखनाने कळते.
* क्रिप्टोफिक्स : प्रति मिलिलिटर ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. हे संयुग विषारी आहे.
* अवशिष्ट द्रावके : अ‍ॅसिटोनायट्राइल व इथेनॉल यांचे प्रमाण वायू वर्णलेखनाने मोजतात.
* जीवाणूंचे अंतर्विष : हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या रक्तपेशींपासून बनवलेल्या अभिकर्मकाने तपासतात.

निर्जंतुकता चाचणी मात्र यात अपवाद आहे. नमुना पोषक माध्यमात १४ दिवस ठेवून जंतूंची वाढ होते का, हे पाहावे लागते. एफडीजीची किरणोत्सारिता सुमारे १८ तासांत हजारांशापेक्षाही कमी होते. म्हणजे निष्कर्ष हाती येतो तेव्हा औषध कधीच वापरून झालेले असते. त्यामुळे रुग्णाची सुरक्षितता या चाचणीपेक्षा प्रक्रियेच्या काटेकोरपणावर अधिक अवलंबून असते. गाळणी अखंड असल्याची खात्री औषध देण्यापूर्वी बुडबुडा दाब चाचणीने केली जाते; तसेच औषधाऐवजी पोषक माध्यम भरून संपूर्ण प्रक्रियेची वेळोवेळी पडताळणी होते. नंतर जंतुवाढ आढळल्यास संबंधित रुग्णालयास कळवून कारणाचा शोध घेतला जातो.

भारतातील उत्पादन

भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईतील परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कार्यान्वित झाले. त्यानंतर देशातील इतर शहरांतही अशी केंद्रे उभी राहिली. स्वतःचे सायक्लोट्रॉन नसलेल्या रुग्णालयांना जवळच्या केंद्रातून औषध मागवावे लागते व वाहतुकीतील ऱ्हास गृहीत धरून अधिक मात्रा पाठवली जाते.