नव्या मॉनिटरचे रंग आधी मापात आणा

डी. टी. पी., लग्नपत्रिका, फलक आणि फोटो यांचे काम हा गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी थोड्या भांडवलात उभा राहणारा धंदा आहे. एक संगणक, एक प्रिंटर आणि हातात कसब असले की दुकान सुरू होते. लग्नसराईत निकाहचे दावतनामे, जलशांची भित्तिपत्रके, शाळांची निकालपत्रे, दुकानांच्या पाट्या अशी कामे वर्षभर येत राहतात.

या धंद्यात भांडणाचे कारण बहुधा एकच असते. "पडद्यावर दाखवला होता तो रंग हा नाही," असे गिऱ्हाईक म्हणते. समजा, पाचशे दावतनामे बाहेरगावच्या ऑफसेट प्रेसवर छापून आणले आणि गिऱ्हाइकाने ते नाकारले, तर कागद, प्लेट, छपाई व जाण्यायेण्याचा खर्च दुकानदाराच्या अंगावर पडतो. लग्नाची तारीख तर पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी प्रेसवाल्याला दोष दिला जातो. पुष्कळदा खरा दोष दुकानातल्या मॉनिटरचा असतो. नवा मॉनिटर खोक्यातून काढून आहे तसाच वापरल्याने हे घडते.

खोक्यातला मॉनिटर भडक का असतो?

विक्रीच्या दुकानात लखलखीत उजेडात मॉनिटर उठून दिसावा म्हणून कारखानदार त्याचा उजेड बराच वाढवून आणि पांढरा रंग थोडा निळसर ठेवून पाठवितात. सर्वसाधारण मॉनिटर २५० कँडेला प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जास्त उजेड देऊ शकतो. छपाईच्या कामाला ८० ते १२० पुरेसा होतो. पडदा दुप्पट उजळ असला की त्यावर नवरदेवाचा फोटो छान दिसतो, कागदावर मात्र तोच काळवंडतो.

गॅमा म्हणजे काय?

संगणक प्रत्येक रंगाची मात्रा ० ते २५५ या आकड्यांत मोजतो. ० म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. मग १२८ ला निम्मा उजेड मिळत असेल असे वाटते. तसे होत नाही. आकडा आणि उजेड यांचे नाते सरळ रेषेचे नसून वक्र असते. या वक्राचे माप म्हणजे गॅमा. गॅमा २.२ असेल तर १२८ ला साधारण २२ टक्के उजेड मिळतो, १.८ असेल तर २९ टक्के आणि २.६ असेल तर १७ टक्के. काळा आणि पांढरा तिन्ही वेळा तेच राहतात. फरक पडतो तो मधल्या छटांत, म्हणजे चेहऱ्याचा रंग, केसांतील सावली आणि कपड्याच्या चुण्या यांत.

हा वक्र जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचा स्वभाव होता. माणसाच्या डोळ्यालाही अंधारातील लहान फरक जास्त कळतात, म्हणून तो सोयीचा ठरला. १९९६ साली ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे रंगांचे माप मांडले. त्याचा गॅमा सुमारे २.२ आणि पांढऱ्याचे तापमान ६५०० केल्व्हिन. मॅकिंटॉश संगणक पूर्वी १.८ वर चालत. २००९ पासून तेही २.२ वर आले. म्हणून आपणही २.२ च धरावा.

क्रमाने काय करावे?

१) मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्यावा. खिडकीचा किंवा दारातला ऊन-उजेड पडद्यावर पडणार नाही अशी जागा निवडावी.

२) मॉनिटरच्या मेनूत जाऊन 'इको', 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'मूव्ही', 'गेम' हे सर्व बंद करावे. विंडोजमधील 'नाइट लाइट' बंद ठेवावा, कारण तो पडदा पिवळसर करतो. 'एसआरजीबी' किंवा 'युजर' हा पर्याय निवडावा. काही मॉनिटरवर 'एसआरजीबी' निवडल्यावर बाकीची बटणे चालत नाहीत. तसे झाल्यास 'युजर' घ्यावा.

३) रेझोल्यूशन मॉनिटरचे मूळ असेल तेच ठेवावे. एचडीएमआय केबल असेल तर ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये रंगाची मर्यादा 'फुल' आहे ना ते पाहावे. 'लिमिटेड' असल्यास काळा रंग राखाडी दिसू शकतो.

४) पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे. शेजारी छपाईचा पांढरा कागद दुकानातल्या नेहमीच्या उजेडात धरावा. दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करावा. तो बहुधा निम्म्याच्या खाली येतो. दोन दिवस पडदा मंद वाटेल, नंतर डोळ्याला सवय होते आणि डोळे दुखणेही कमी होते.

५) कॉन्ट्रास्ट कारखान्यातून आला तसाच ठेवावा. काळ्या चौकोनात १०-१०-१० आकड्याचा लहान चौकोन आणि पांढऱ्यात २५०-२५०-२५० चा चौकोन काढून पाहावा. दोन्ही पुसटसे दिसले पाहिजेत.

६) रंगाचे तापमान ६५०० केल्व्हिन करावे. आकडे नसतील तर 'वॉर्म', 'नॉर्मल', 'कूल' यांपैकी बहुधा 'नॉर्मल' जवळचा असतो.

गॅमा तपासण्याची फुकटची युक्ती

विंडोजच्या पेंटमध्ये एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघांचा चौकोन तयार करावा. थोड्या रेघा काढून त्यांची नक्कल चिकटवीत गेल्यास वेळ लागत नाही. त्याला लागून १८६-१८६-१८६ या राखाडी रंगाचा चौकोन भरावा. चित्र १०० टक्के आकारातच पाहावे. मग चार पावले मागे जाऊन डोळे किलकिले करावेत. दोन्ही चौकोन एकसारखे दिसले तर गॅमा २.२ आहे. राखाडी चौकोन जास्त उजळ दिसला तर गॅमा कमी आहे, तो वाढवावा. गडद दिसला तर कमी करावा. मॉनिटरच्या मेनूत गॅमा नसेल तर विंडोजच्या शोधपेटीत 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' शोधावे. तेथे गॅमा आणि लाल, हिरवा, निळा यांचा समतोल पायरीपायरीने लावता येतो.

हिरव्या रंगाचा प्रश्न

आपल्याकडील दावतनाम्यांत हिरव्याला फार मागणी. पडद्यावर हिरवा प्रकाशाने बनतो, कागदावर तो निळसर व पिवळ्या शाईने बनतो. पडद्यावरचा चमकदार पोपटी-हिरवा चार शाईंच्या छपाईत उतरतच नाही. मॉनिटर कितीही नीट लावला तरी ही मर्यादा राहणार. म्हणून काम सुरू करतानाच फाइल सीएमवायकेमध्ये घ्यावी आणि गिऱ्हाइकाला तोच रंग दाखवावा. त्याहून उत्तम म्हणजे पूर्वी छापलेले चार-पाच हिरवे नमुने टाकणीने फळ्यावर लावून ठेवावेत आणि त्यांतूनच पसंती घ्यावी. नमुन्याच्या पाठीवर शाईचे आकडे लिहून ठेवावेत.

एका प्रेसची छपाई पिवळट आली म्हणून मॉनिटर पिवळा करू नये. उद्या प्रेस बदलला की सगळे पुन्हा बिघडेल. मॉनिटर प्रमाणावर ठेवावा व प्रेसचा फरक फाइलमध्ये दुरुस्त करावा. ठरलेले सर्व आकडे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवावेत आणि महिन्यातून एकदा रेघांची परीक्षा पुन्हा घ्यावी.

किराणा दुकानदाराला आपली वजनमापे तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. मॉनिटरवर असा शिक्का मारायला कोणी येत नाही. परंतु मापात पुरे देण्याची जी ताकीद कुरआनने व्यापाऱ्याला दिली आहे, ती रंग विकणाऱ्यालाही लागू आहे. गिऱ्हाइकाला जे दाखविले तेच त्याच्या हाती पडावे, यासाठी एका दुपारचा वेळ काढणे जड नाही.