माऊसला सुट्टी, नॉबला ड्युटी?

लग्नाचे आठशे फोटो, एक माऊस आणि ठणकणारं मनगट. फोटो एडिटिंगसाठी खास निघालेले नॉबवाले कन्सोल खरंच कामाचे, की टेबलावरची नुसती शायनिंग?

शुक्रवारची रात्र. अख्खं टोळकं डेक्कनला भेटणार असतं आणि तुमचा मेसेज जातो, 'तुम्ही व्हा पुढे, माझं एडिटिंग राहिलंय.' वीकएण्डला लग्नं शूट करणाऱ्या कुणालाही हा सीन नवा नाही. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड, शनिवार-रविवार मंगल कार्यालयात कॅमेरा आणि पुढचे पंधरा दिवस रात्री जागून लाइटरूम! माझं गेली काही वर्षं हेच चाललंय. ऑफिसात माऊस, घरी आलो की परत माऊस.

मागच्या सीझनला तुळशीचं लग्न लागलं आणि नेहमीप्रमाणे गाडी सुसाट सुटली. पौष लागायच्या आत पाच लग्नं. तिसऱ्याचे फोटो करताना उजव्या मनगटाने संप पुकारला. चहाचा कप उचलतानाही कळ यायची. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. दिवसाला किती तास माऊस धरता? आणि त्यातले किती कमी करता येतील? पहिल्याचं उत्तर माझ्याआधी आईने दिलं, 'चौदा.' दुसऱ्याचं माझ्याकडे नव्हतं. ऑफिसचे तास माझ्या हातात नाहीत, लग्नाचे अ‍ॅडव्हान्स घेऊन झालेले आणि त्यातून लेन्सचा हप्ता चाललेला.

तेव्हा पहिल्यांदा गंभीरपणे विचार केला त्या खेळण्यांचा, ज्यांना आजवर मी हसत आलो होतो. एडिटिंग कन्सोल!

फिरकी घेणारं यंत्र

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाइटरूममध्ये फोटो सुधारायचा म्हणजे उजवीकडच्या पट्ट्या सरकवायच्या. एक्स्पोजर, हायलाइट्स, शॅडोज, टेम्परेचर... यादी मोठी आहे. प्रत्येक वेळी नजर फोटोवरून काढायची, पट्टी शोधायची, तिच्यावरचं ते इवलंसं टोक पकडायचं, ओढायचं, मग परत फोटोकडे बघायचं. कन्सोलवर प्रत्येक पट्टीसाठी एक खराखुरा नॉब असतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचो तसा तो फिरवायचा. हात नॉबवर, नजर फोटोवर. बास, एवढाच फंडा.

आणि तो काही आजचा नाही. कोपऱ्यावरच्या कलर लॅबमध्ये मशीनवर बसलेला काका आठवतोय? रोल धुऊन आला की तो एकेक निगेटिव्ह स्क्रीनवर बघायचा आणि समोरच्या बटणांवर टकटक करायचा. तीन रंगांची बटणं आणि एक डेन्सिटीचं. बोटांकडे न बघता, शेजारच्याशी गप्पा मारत. कन्सोल म्हणजे दुसरं काय होतं ते? फक्त त्याला कुणी 'वर्कफ्लो' म्हणत नव्हतं. सिनेमावाल्या कलरिस्ट मंडळींकडे तर अशी पॅनेल्स कधीपासून आहेत. ब्लॅकमॅजिकने २०१७ मध्ये दाविंची रिझॉल्व्हची 'छोटी' पॅनेल्स काढली, तेव्हा त्यातल्या लहानाची किंमत होती ९९५ डॉलर आणि मोठ्याची २,९९५. छोटी म्हणे!

फोटोवाल्यांना स्वतःचं यंत्र मिळालं ते फिनलंडच्या लुपडेकमुळे. लाइटरूम आलं २००७ मध्ये. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी या मंडळींनी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून, खास लाइटरूमसाठी कीबोर्डएवढा एक कन्सोल काढला. त्यावर आठ रंगांसाठी आठ चकत्या होत्या. मी फोटो पाहून हसलो होतो, पण त्या आठ चकत्यांचीच गोष्ट मला पुढे सगळ्यात पटली.

हळद, चुडा आणि नारिंगी पट्टी

कारण मराठी लग्न म्हणजे रंगांचा गोंधळ. हळदीच्या कार्यक्रमात पिवळा मांडव, पिवळी साडी, पिवळी झेंडूची माळ आणि त्या सगळ्याचा पिवळा उजेड नवरीच्या चेहऱ्यावर. तिच्या हातात हिरवा चुडा. लाइटरूम रंगांचे आठ भाग करतं : लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा, मजेंटा. आपल्या त्वचेचा रंग बहुतेक नारिंगीत पडतो, हळद पिवळ्यात. पिवळा थोडा खाली आणला की मांडव शांत होतो, पण जास्त आणला की हळद लावलीय की पीठ असा प्रश्न पडतो. हिरव्याला नीट धरलं नाही तर चुडा काळपट. म्हणजे नारिंगी, पिवळा, हिरवा या तिघांना एकमेकांच्या तालावर नाचवायचं. माऊसने हे करायचं तर एकाला सोडून दुसऱ्याला पकडावं लागतं आणि तेवढ्यात आधीचं विसरायला होतं. तीन बोटं तीन नॉबवर असली की काम वेगळंच होतं. इथे मामला नुसत्या स्पीडचा नाही. फोटो चांगला होतो, खरंच.

(जाता जाता. याच नारिंगी पट्टीची ल्युमिनन्स वर ढकलली की माणूस 'गोरा' होतो. 'जरा उजळ करा ना दादा' ही फर्माईश प्रत्येक लग्नात एकदा तरी येते, बहुतेक वेळा नवरीच्या मावशीकडून. मी ती कानाआड करतो. मुलगी आहे तशीच छान दिसत असते.)

उसना नॉब

पण घ्यायचा कुठला? लॉजिटेकने २०२३ मध्ये लुपडेक कंपनीच विकत घेतली आणि २०२४ मध्ये एमएक्स क्रिएटिव्ह कन्सोल बाजारात आणला. नऊ छोट्या स्क्रीनवाल्या बटणांचा एक ठोकळा, तो वायरने जोडायचा. शेजारी मोठ्या डायलची वेगळी पट्टी, ती बिनवायरची. दिसायला जाम देखणा. बाजारात आला तेव्हा किंमत होती २०० डॉलर. नुसता गुणाकार केला तरी सतरा हजारांच्या वर. टूरबॉक्स नावाचा आणखी एक प्रकार डाव्या तळहाताखाली बसतो, त्यात फिरक्या नि बटणं दाटीवाटीने कोंबलेली. हौसेला मोल नसतं हे ठीक, पण हप्त्याला असतं.

सोडवणूक केली ती ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या मित्राने. त्याच्याकडे बेरिंजरचा एक्स-टच मिनी पडून होता. हा संगीतवाल्यांचा मिडी कंट्रोलर : आठ नॉब, सोळा बटणं, एक सरकपट्टी. लाइटरूम क्लासिकसाठी 'मिडीटूएलआर' नावाचा एक फुकट प्लगइन मिळतो. तो टाकला की कुठलाही मिडी डबा फोटो एडिटिंगला जुंपता येतो. एका बटणाने दुसरा लेअर चालू होतो, म्हणजे आठाचे सोळा नॉब. प्रत्येक नॉबभोवती दिव्यांची कडी, पट्टी कुठे आहे ते त्यात दिसतं.

पहिली रात्र अक्षरशः वाया गेली. कुठल्या नॉबला काय लावायचं ते ठरवण्यात एक गेली ती गेलीच, वर टेम्परेचरचा नॉब जरा हलवला की फोटो निळ्यातून थेट नारिंगीत! डोकं आपटायची वेळ आली तेव्हा कारण कळलं. मिडीचा साधा नॉब शून्य ते १२७ एवढंच मोजतो, आणि रॉ फोटोची टेम्परेचरची पट्टी २,००० ते ५०,००० केल्व्हिन. सरळ भागाकार केला तर एका घराला पावणेचारशे केल्व्हिन. त्यात नाजूक काम काय होणार, कपाळ? मग प्लगइनमध्ये रेंज आवळून ३,००० ते ९,००० केली. एका घराला सत्तेचाळीस. एक्स्पोजरचंही तसंच, उणे पाच ते अधिक पाचऐवजी दोन-दोनवर आणलं. त्यानंतर गाडी रुळावर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डावा हात आपोआप नॉबवर जायला लागला. आठवड्याने मी पट्ट्यांकडे बघणं सोडलं. उजवा हात बराच वेळ मांडीवर! मनगट बरं झालं असं मी म्हणणार नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. बोटांनी नॉब पिरगाळत राहणं हीसुद्धा कसरतच आहे. पण ओझं दोन हातांत वाटलं गेलं, आणि चहाचा कप पुन्हा उजव्या हातात आला.

आता हिशेब

लग्नाचे आठशे फोटो द्यायचेत असं धरू. नॉबमुळे फोटोमागे पाच सेकंद वाचले तर ४,००० सेकंद, म्हणजे तास आणि सात मिनिटं. वर्षाला बारा लग्नं केली तर तेरा तास वीस मिनिटं. तुमच्या तासाची किंमत पाचशे रुपये धरली तर झाले साडेसहा हजारांच्या आसपास. अठरा हजारांचा कन्सोल फिटायला अडीच वर्षांच्या वर जाणार. महिन्यातून एकदा ट्रेकचे शंभर फोटो करणाऱ्याने तर हा भागाकार करूच नये. उगाच वाईट वाटेल.

शिवाय एक गोष्ट सेल्समन सांगत नाही. आपला वेळ खातो कोण? तीन हजार फ्रेममधून आठशे निवडणं. त्यात नॉबचं काही काम नाही. तिथे कीबोर्डच राजा : कॅप्स लॉक चालू ठेवा, ठेवायचा फोटो असेल तर 'पी', उडवायचा असेल तर 'एक्स', पुढचा फोटो आपोआप समोर येतो. मग एका प्रसंगाचा एक फोटो नीट करायचा आणि सिंकने बाकीच्यांना तेच लावायचं. सप्तपदीचे साठ फोटो साठ वेळा करणाऱ्याला कन्सोल काय, कुणीच वाचवू शकत नाही. आणि २०२१ पासून माणूस किंवा आकाश निवडायचं काम लाइटरूम स्वतःच करतं, त्यामुळे ब्रश घेऊन कडा रंगवत बसणंही बरंच कमी झालंय.

पैसे खर्च करायच्या आधी दोन फुकट गोष्टी करून बघा. उजव्या पॅनेलची कड ओढून ते रुंद करा. पट्ट्या लांब होतात आणि माऊसने बारीक काम जमायला लागतं. दुसरं, डेव्हलपमध्ये स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी एका पट्टीवरून दुसरीवर जाता येतं, अधिक-उणेने ती हलवता येते. मला ही बटणं इतकी वर्षं माहीत नव्हती, कबूल करतो. आणि तुमचं काम मुख्यतः फोटोशॉपमधलं असेल, म्हणजे मुरुम काढणं, केस नीट करणं, दागिन्यांची चमक, तर नॉब विसरा. तिथे पेन टॅब्लेटच हवा. हातात पेन असलं की उजळपणा कुठे संपवायचा ते दाबावरून ठरतं, हे सुख कुठल्याच चकतीत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. हे महागडे कन्सोल आपापल्या सॉफ्टवेअरवर जगतात. कंपनी विकली गेली, नवी विण्डोज आली, अपडेट थांबले की सतरा हजारांचा पेपरवेट. लुपडेकवाल्यांची मालकी तर बदललीच. मिडी मात्र १९८३ पासून चालू आहे आणि कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. प्लगइन उद्या बंद पडला तरी डबा मित्राच्या ऑर्केस्ट्रात परत जाईल, काम करत राहील. त्यामुळे कुणी विचारलं की मी सांगतो, पहिला नॉब संगीताच्या दुकानातून आण. महिनाभरात त्याच्यावाचून अडायला लागलं आणि लग्नं हेच तुझं पोट असेल, तर मग मोठा घे, डोळे मिटून घे. वर्षाला पाच-सहा लग्नं करणाऱ्या माझ्यासारख्याने त्या वाटेला जाऊ नये. ज्याचं मनगट बोलायला लागलंय त्याने मात्र तासांचा हिशेब न मांडता आजच कुणाकडून तरी उसना आणावा. डॉक्टरांना दाखवून मग.

गेल्या रविवारी मित्राचा फोन आला. त्याचं रेकॉर्डिंग आहे, डबा परत हवाय. संध्याकाळी त्याला देऊन आलो. रात्री एका साखरपुड्याचे फोटो उघडले, तर डावा हात टेबलावरच्या रिकाम्या जागेत नॉब शोधतोय. आईने दारातून बघितलं आणि विचारलं, 'केवढ्याचं येतं रे ते?'